ठरवले एक, घडले दुसरे : ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स



धान पिकवणाऱ्या माणसाला ठरवलेला बेत मोडावा लागणे नवीन नाही. मृगात पऱ्हे टाकायचे, पाऊस जोरात आला की बांधीत चिखल करून रोवणी करायची, असे आपण दरवर्षी ठरवतो. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो. पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडतात. मग घराघरांत बोलणे सुरू होते. रोवणीची वाट पाहायची की आवत्या टाकायचा? भारी धान सोडून हलके धान घ्यायचे का? जो हट्टाने जुन्याच बेताला धरून बसतो त्याच्या बांध्या रिकाम्या राहतात. जो घाबरून सगळेच सोडून देतो त्याच्याही रिकाम्याच राहतात. ज्याला धान हवे आहे, पण ते अमुकच रीतीने यावे असा हट्ट नाही, त्याच्या कोठीत चार पायली तरी धान पडते.

आज आपण अशाच एका माणसाचे जीवन पाहणार आहोत. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. मराठीच्या पुस्तकात ते येते, चर्चमधील प्रवचनांतही येते. फादर थॉमस स्टीफन्स, ख्रिस्तपुराणाचे कर्ते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने चारशे वर्षांपूर्वी मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या, एवढे आपल्याला माहीत असते. पण हे पुराण त्यांच्या मूळ बेतात नव्हते. त्यांच्या आयुष्यातले बरेचसे बेत मोडले, आणि मोडलेल्या बेतांच्या जागी जे उभे राहिले त्यातून ख्रिस्तपुराण आले. ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

दोन मित्रांचा बेत

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनमध्ये व्यापार करीत. घर कॅथलिक होते. तो काळ एलिझाबेथ राणीचा. राणीच्या राज्यात कॅथलिक उपासनेवर बंदी होती. मिस्सा ऐकणे हाही गुन्हा होता. धर्मगुरू व्हायचे असेल तर देश सोडूनच जावे लागे.

तरुण स्टीफन्स यांची मैत्री थॉमस पाऊंड नावाच्या गृहस्थाशी झाली. पाऊंड त्यांच्यापेक्षा वयाने मोठे, घराणे श्रीमंत, आणि काही काळ राणीच्या दरबारात वावरलेले. दरबारातला थाटमाट सोडून ते पुन्हा कॅथलिक श्रद्धेकडे वळले होते. दोघांनी मिळून एक बेत आखला. इंग्लंड सोडून रोमला जायचे आणि दोघांनीही येशूसंघात दाखल व्हायचे. कोणाला संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स हे पाऊंड यांचे नोकर म्हणून वावरत. लपूनछपून जगणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना धीर देत त्यांनी असे दिवस काढले.

निघण्याची वेळ जवळ आली आणि पाऊंड पकडले गेले. त्यानंतर त्यांच्या आयुष्याची जवळजवळ ३० वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत गेली.

आता स्टीफन्स यांनी काय करावे? मित्र सुटेल म्हणून थांबावे? थांबले असते तर तेही पकडले गेले असते. सगळेच सोडून घरी परतावे? ते एकटेच निघाले. रोमला पोहोचून १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश घेतला. वय साधारण २६ वर्षांचे होते.

पण मित्राला ते विसरले नाहीत. पाऊंड यांना तुरुंगात असतानाच येशूसंघात सामावून घ्यावे, अशी विनंती त्यांनी वरिष्ठांना केली. १५७८ च्या डिसेंबरमध्ये ती मान्य झाली आणि तसे पत्र पाऊंड यांना पाठवले गेले. दोघांनी एकत्र रोमला जाण्याचा बेत कधीच पुरा झाला नाही. दोघांनी येशूसंघीय व्हायचे, ही गोष्ट मात्र झाली. एक रोममध्ये आणि दुसरा लंडनच्या तुरुंगात.

उशिरा निघालेली जहाजे

पुढे स्टीफन्स यांची नेमणूक भारतासाठी झाली. १५७९ च्या ४ एप्रिलला लिस्बनहून पाच जहाजे गोव्याला निघाली. त्यांतल्या एका जहाजावर ते होते. गोव्याला पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना एक लांब पत्र लिहिले आणि या प्रवासाची हकिगत कळवली. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि भारताकडे येऊ पाहणाऱ्या दर्यावर्द्यांनी ते आवडीने वाचले.

त्या पत्रातली एक गोष्ट आपल्या विषयाशी जुळते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, म्हणजे केप ऑफ गुड होपला वळसा घातल्यावर भारताकडे यायला दोन मार्ग होते. एक मादागास्कर बेटाच्या आतून. हा मार्ग खलाशांना आवडे, कारण वाटेत मोझांबिकला थांबता येई, ताजे पाणी आणि अन्न भरून घेता येई. दुसरा मार्ग बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून. तिथे थांबायला जागा नाही, पाणी नाही, आजाऱ्यांना उतरवायची सोय नाही. केपला वेळेवर पोहोचलेली जहाजे आतल्या मार्गाने जात. ज्यांना उशीर झाला त्यांना बाहेरचाच मार्ग घ्यावा लागे, कारण पुढे वारे बदलत आणि आतून जाणाऱ्याला त्या वर्षी भारत गाठता येत नसे.

स्टीफन्स यांच्या जहाजाला उशीर झाला होता. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि उकाड्यात कितीतरी दिवस वाया गेले. केपला वळसा घालेपर्यंत जुलैची २९ तारीख उजाडली. तेव्हा बाहेरचा मार्ग धरला. ताजे अन्न मिळेना. माणसांच्या हिरड्या सुजल्या, अंग सुजले, हातपाय चालेनात. सुमारे १५० माणसे आजारी पडली आणि २७ दगावली. त्या काळी समुद्रावर आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आलो हे मोजण्याचे खात्रीचे साधन नव्हते. भारत जवळ आला असे वाटत असताना प्रवाहाने जहाज अरबस्तानाकडे, सोकोत्रा बेटाच्या बाजूला ओढले गेले होते. पक्षी कोणते दिसतात, पाण्यात काय तरंगते, यावरून अंदाज बांधून पुन्हा दिशा बदलावी लागली. अखेर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला लागले. सहा महिने आणि वीस दिवस.

वैनगंगेला पूर आला म्हणजे आपल्यालाही ठरलेला रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने जावे लागते. त्यात वेळ जातो, पैसा जातो, त्रासही होतो. रस्ता बदलणे हा शहाणपणा असला तरी तो फुकट मिळत नाही. त्या जहाजावरच्या २७ माणसांच्या घरच्यांना हे कोणी सांगायला नको होते.

साष्टीतले दिवस

१५८० मध्ये गोव्यात स्टीफन्स यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांना दक्षिण गोव्यातील साष्टी भागात पाठवण्यात आले. पुढची जवळजवळ ४० वर्षे, मरेपर्यंत, हाच भाग त्यांचे घर झाला. परत इंग्लंड त्यांनी पाहिले नाही.

तेव्हाची साष्टी कशी होती हे लपवून उपयोग नाही. पोर्तुगीज सत्तेने १५६७ च्या सुमारास तिथली देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली होती. लोकांच्या हातातील पुराणे आणि पोथ्या काढून घेऊन जाळल्या होत्या. कितीतरी कुटुंबांनी आपले देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेशी आणि शांतादुर्गा ही देवस्थाने आज फोंड्याच्या बाजूला दिसतात ती त्यामुळेच. चर्चच्या मागे राजसत्तेची तलवार उभी होती. त्यामुळे लोकांच्या मनात चर्चविषयी भीती होती आणि रागही होता.

१५८३ मध्ये या रागाचा उद्रेक झाला. फादर रोदोल्फो आक्वाविव्हा हे येशूसंघीय धर्मगुरू तीन वर्षे अकबर बादशहाच्या दरबारात राहून नुकतेच गोव्याला परतले होते. बादशहा ख्रिस्ती होईल ही आशा फळाला आली नव्हती. गोव्यात त्यांच्याकडे साष्टीचे काम सोपवले गेले. २५ जुलै १५८३ रोजी ते चार सहकारी येशूसंघीयांना आणि इतर काही ख्रिस्ती लोकांना घेऊन कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा पाहायला गेले. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि पाचही येशूसंघीय मारले गेले. त्यांच्याबरोबरचे काही जणही मेले. पुढे सत्तेने सूड घेतला. कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलावून घेऊन ठार करण्यात आले. दोन्ही बाजूंच्या घरांत रडणे झाले.

मारल्या गेलेल्या सोबत्यांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. त्यांचे वय तेव्हा साधारण ३४ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी पॅरिसला असलेल्या भावाला पत्र लिहिले. त्यात या घटनेची हकिगत आहे. त्याच पत्रात आणखीही काही आहे. इथल्या भाषांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यांनी भावाला कळवले. युरोप आणि भारत यांच्या भाषांतले हे नाते ओळखणाऱ्या पहिल्या युरोपीय माणसांमध्ये त्यांची गणना होते. सोबत्यांना मूठमाती देऊन तीन महिने झालेला हा माणूस त्याच लोकांची भाषा कान देऊन ऐकत होता.

फादर स्टीफन्स यांनी राजसत्तेच्या जबरदस्तीविरुद्ध आवाज उठवला असे आपल्याला म्हणता येणार नाही. ते त्याच व्यवस्थेत राहिले, तिच्याच छायेखाली काम केले. पण आपल्या हातात काय आहे याचा त्यांनी शोध घेतला. इथली बोली, म्हणजे कोकणी, ते शिकले. ग्रंथांची भाषा मराठी होती, तीही शिकले. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांनी वापरलेला ओवी छंद त्यांनी आत्मसात केला. एकनाथ महाराज तेव्हा पैठणला हयात होते. १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. म्हणजे स्टीफन्स काही जुन्या, मेलेल्या भाषेचा अभ्यास करीत नव्हते. लोकांच्या ओठांवर असलेल्या काव्याचा अभ्यास करीत होते.

पुराण हवे

बाहेरून आलेल्या धर्मगुरूंचा साधा बेत असा होता की नव्या ख्रिस्ती लोकांना प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण द्यावे. प्रश्न विचारायचा, पाठ केलेले उत्तर घ्यायचे. प्रार्थना आणि आज्ञा तोंडपाठ करून घ्यायच्या. युरोपात तीच पद्धत होती.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी फादर स्टीफन्स यांनी एक प्रसंग रंगवला आहे. रविवारी दुपारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू आहे. तिथे ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रींना विचारतो. हे शिक्षण चांगले आहे, पण आमची जुनी पुराणे आता बंद झाली. त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला, वेळ आनंदात घालवायला आमच्याकडे काहीच नाही. तुम्ही आमच्या भाषेत एखादे पुराण का करीत नाही?

हा प्रश्न किती खोल आहे हे आपण जाणतो. आपल्याकडे सप्ताह असतो, रात्र रात्र दंडार चालते, मांडवात गाणी होतात. माणसाला श्रद्धेची उत्तरे पुरत नाहीत. त्याला कथा हवी असते, चारचौघांत बसून ऐकायला काहीतरी हवे असते. जुने काढून घेतले आणि नवे दिले नाही, तर मागे पोकळी राहते.

स्टीफन्स यांनी ही मागणी मनावर घेतली. प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षण त्यांनी सोडून दिले नाही. कोकणीत त्यांनी तेही लिहिले. पण त्याच्या जोडीला त्यांनी लोकांच्या ओळखीच्या रूपात, गुरू सांगतो आणि श्रोते विचारतात अशा पुराणाच्या पद्धतीने, बायबलची सगळी कथा मराठी ओव्यांत बांधली. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार आला आणि दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे जीवन. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. १९०७ च्या आवृत्तीप्रमाणे पहिल्या पुराणात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१, मिळून १०,९६२ ओव्या आहेत.

यात त्यांना आणखी एक बेत सोडावा लागला. मराठी भाषेवर त्यांचे किती प्रेम होते हे सर्वांना ठाऊक आहे. तिची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेतल्या मुलांनाही शिकवल्या जातात. अशा माणसाला शुद्ध, अलंकारांनी नटलेली मराठी लिहावीशी वाटली तर नवल नाही. पण साष्टीतल्या साध्या माणसांना ती शुद्ध मराठी पुरती समजत नव्हती. म्हणून अवघड शब्द टाकून देऊन त्यांनी रोजच्या बोलीतले सोपे शब्द त्यात मिसळले, आणि हे आपण जाणून केले असे प्रस्तावनेत सांगून टाकले. पंडितांनी नावे ठेवली असती तरी चालले असते, पण मागच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला कथा कळायला हवी होती.

सहाशे खिळे

आता या जीवनातला सर्वांत मोठा बेत पाहू या, जो पुरा झाला नाही.

गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला होता. भारतातला तो पहिला छापखाना. पण त्याच्याकडे खिळे होते ते रोमन अक्षरांचे. दक्षिणेत मात्र १५७८ मध्येच तमिळ अक्षरांचे खिळे पाडून येशूसंघीयांनी तमिळमध्ये पुस्तक छापले होते. स्टीफन्स यांची मनापासून इच्छा होती की मराठी पुस्तक मराठीच्याच अक्षरांत छापले जावे. परक्या लिपीत आपली भाषा वाचावी लागणे म्हणजे काय, हे त्यांना कळत होते.

१६०८ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी रोमला येशूसंघाचे प्रमुख फादर क्लाउदियो आक्वाविव्हा यांना पत्र लिहिले. कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या फादर रोदोल्फो यांचे ते काका. पत्रात स्टीफन्स यांनी आपली कितीतरी वर्षांची ही इच्छा मांडली आणि अडचणीही मांडल्या. युरोपात २४ अक्षरांच्या साच्यांवर भागते, पण इथल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून सहाशेपर्यंत साचे लागतील असे लोकांना वाटते. दुसरे म्हणजे, प्रांताच्या वरिष्ठांनी मनावर घेतल्याशिवाय हे काम होणार नाही. म्हणून आपण लक्ष घालावे, अशी त्यांची विनंती होती.

ते खिळे कधीच तयार झाले नाहीत. तेव्हा फादर स्टीफन्स साठीच्या घरात होते. त्यांच्यापुढे पुन्हा तोच प्रश्न आला, जो तरुणपणी मित्र पकडला गेला तेव्हा आला होता. वाट पाहायची, सोडून द्यायचे की आहे त्या साधनाने पुढे जायचे?

त्यांनी रोमन अक्षरे घेतली. पण नुसती घेतली नाहीत, ती मराठीला बसतील अशी वळवून घेतली. रोमन लिपीत ट, ड, ण, ळ या आवाजांसाठी वेगळी अक्षरे नाहीत. ते आवाज दाखवण्यासाठी एकच अक्षर जोडीने लिहायची रीत वापरली. आजही गोव्यात रोमन लिपीत कोकणी लिहिणारे लोक ही रीत वापरतात. १६१६ मध्ये रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापून बाहेर पडले. फादर स्टीफन्स ६७ वर्षांचे होते. देहूला तुकाराम महाराज तेव्हा आठ वर्षांचे होते.

तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये छापले गेले आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांमध्ये ते अगदी पहिल्यांपैकी आहे. ही दोन्ही पुस्तके छापलेली त्यांनी पाहिली नाहीत. मराठी व्याकरण देवनागरी अक्षरांत छापले गेले ते बंगालमधील श्रीरामपूरला, १८०५ मध्ये. स्टीफन्स यांच्या पत्रानंतर १९७ वर्षांनी. खिळ्यांची वाट पाहत ते थांबले असते, तर ख्रिस्तपुराण त्यांच्या हयातीत छापले गेले नसते.

पुस्तक कसे जगले

ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. पण मग वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे असे ठरवले. ज्या भाषेसाठी स्टीफन्स यांनी आयुष्य घातले, तीच भाषा नको झाली. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरी पुस्तक गेले नाही. लोकांनी ते हाताने उतरवून घेतले. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले, घरात आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचले. म्हणूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आले. पुढे लंडनमधल्या एका संग्रहात ख्रिस्तपुराणाची एक हस्तलिखित प्रत असल्याचे उजेडात आले. ती देवनागरीत आहे. जे खिळ्यांना जमले नाही ते कोणाच्या तरी बोरूने केले होते. १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी अक्षरांत ख्रिस्तपुराण छापून आले आणि फादर स्टीफन्स यांची इच्छा ३४० वर्षांनी पुरी झाली.

आपल्यासाठी

बंधुभगिनींनो, आपल्या चर्चचा इतिहासही काही ठरवलेल्या रीतीने घडलेला नाही. १९६२ मध्ये चांद्याचे काम केरळच्या चर्चकडे सोपवले गेले. मल्याळम बोलणारे, नारळीच्या बागांत वाढलेले धर्मगुरू आणि पाठोपाठ धर्मभगिनी या जंगलात आल्या. इथे त्यांना मराठी शिकावी लागली. मराठी शिकून झाली तर पुढच्या गावात गोंडी निघाली, भामरागडला माडिया, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. कितीतरी बेत त्यांनी सोडले असतील. माणसांना भेटणे मात्र सोडले नाही.

आता आपल्या घराकडे पाहू या. मुलगा पोलीस भरतीत निवडला जाईल असे ठरवून वर्षे घातली आणि निवड झाली नाही. मुलीने नर्स व्हावे म्हणून पैसे साठवले आणि ते घरातल्या आजारपणात संपले. तेंदूपत्त्याच्या हंगामावर हिशेब मांडला आणि अवकाळी पावसाने पाने गेली. कोणाचे शेत खाणीत गेले. अशा वेळी देवाची इच्छा असे म्हणून गप्प बसावे, असा सल्ला आपण एकमेकांना सहज देतो. फादर स्टीफन्स यांचे जीवन तसे सांगत नाही.

त्यांनी आधी मागणी केली. तुरुंगातल्या मित्रासाठी रोममध्ये शब्द टाकला. अक्षरांसाठी थेट संघप्रमुखांना लिहिले. जिथे विचारायला हवे तिथे ते विचारत राहिले. ज्याची जमीन गेली आहे त्याने योग्य मोबदला मागणे, अर्ज करणे, दाद मागणे हे सोडायचे कारण नाही. परिस्थितीशी जुळवून घेणे आणि अन्याय मुकाट्याने गिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण उत्तर येईपर्यंत त्यांनी काम थांबवले नाही. आपली चूक बहुधा इथे होते. जे मिळाले नाही त्याच्याकडे पाहत आपण वर्षानुवर्षे बसतो आणि हातात जे आहे ते वाया जाते. भरती झाली नाही म्हणून खोलीत बसून राहिलेला मुलगा, आणि त्याच्याशी बोलणे टाकलेला बाप, अशी घरे आपल्या धर्मग्रामातही असतील. बापाला खरे काय हवे होते? मुलाने खाकी घालावी हे, की मुलगा आपल्या पायावर उभा राहावा आणि माणूस म्हणून चांगला निघावा हे? दुसरे हवे असेल तर त्याला अजून पुष्कळ वाटा आहेत.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपला एक मोडलेला बेत आठवावा. त्यात मला खरोखर काय हवे होते आणि ते मिळवण्याची रीत कोणती होती, हे वेगळे करून पाहावे. रीत गेली असेल तर तिचे दुःख करायला हरकत नाही. स्टीफन्स यांनाही देवनागरी खिळ्यांचे दुःख झाले असेल. मग हातात कोणती अक्षरे उरली आहेत ते पाहावे. घरात यावर बोलावे, विशेषतः ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्याशी.

प्रभू येशू आपल्याला सोडण्याचे बळ देवो आणि काय सोडायचे नाही हे ओळखण्याची समजही देवो.